रात्रीचा दशावतार, आंबोलीचा पाऊस आणि नवा कॅमेरा: छोटा मिररलेस घ्यावा की फुल फ्रेम डीएसएलआर?

पेटारा

नमस्कार. मी कुडाळला राहते. गेली नऊ वर्षे माझ्याकडे निकॉनचा डी-७००० आहे आणि त्यावर मी प्रामुख्याने दोनच गोष्टी टिपत आले आहे: कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांमधला रात्रभराचा दशावतार, आणि पावसाळ्यात आंबोलीच्या रानात रात्री दिसणारे बेडूक व कीटक. कॅमेरा अजून व्यवस्थित चालतो, पण आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे गेले की गडद भागात रंगीत दाणे उठतात. आडदशावतारातला (मुख्य आख्यानापूर्वीच्या भागातला) संकासुर काळ्या वेषात असतो, देवळाच्या मांडवातला उजेड असून नसल्यासारखा असतो, आणि घरी येऊन फोटो पाहावा तर वेषाची एकही चुणी दिसत नाही.

माझी मर्यादा नव्वद हजारांची आहे. सावंतवाडीचे एक छायाचित्रकार त्यांचा वापरलेला निकॉन डी-७५०, म्हणजे मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरचा, आत आरसा असलेला डीएसएलआर देत आहेत. नुसती बॉडी ५२ हजारांना आहे आणि त्यावर ६१ हजार क्लिक झाले आहेत. दुसरा पर्याय म्हणजे निकॉन झेड-५० किंवा सोनी ए-६४०० यांच्यासारखा छोटा, आरसा नसलेला मिररलेस, सोबत येणाऱ्या साध्या किट लेन्ससह. माझ्याकडे १८-१०५, ५० एमएम एफ १.८ डी आणि ७०-३०० व्हीआर अशा तीन लेन्स आहेत (एमएमचा आकडा मोठा तितके दृश्य जवळ येते, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त येतो). फोटो मी विकत नाही. दरवर्षी कलाकारांना १२ बाय १८ इंचांचे छापील फोटो देते आणि एक प्रत माझ्या संग्रहात ठेवते. ज्यांनी दोन्ही प्रकार प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

तिपाई

पेटाराताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत, ते आधी सुटे करू. कॅमेऱ्यात आरसा असावा की नसावा हा एक प्रश्न, आणि सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, केवढा असावा हा दुसरा. आरसा नसलेले फुल फ्रेम कॅमेरे २०१३ सालच्या सोनी ए-७ पासून मिळतात, आणि तुमचा डी-७००० हा आरसा असूनही छोट्या सेन्सरचा कॅमेरा आहे.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो आणि तुमचा साधारण २३.५ बाय १५.६ मिमी. क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून थोडे अधिक होते, म्हणजे एकाच पिढीचे दोन सेन्सर घेतले तर अंधारात फुल फ्रेमला साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा, लाभ मिळतो. तुमचा सेन्सर २०१० सालचा आहे आणि डी-७५० चा २०१४ चा, त्यामुळे तुम्हाला फरक त्याहून थोडा अधिक जाणवेल. झेड-५० २०१९ चा असल्याने तोही तुमच्या आताच्या कॅमेऱ्यापेक्षा अंधारात सरस आहे, फक्त डी-७५० इतका नाही.

आता आरशाविषयी. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर प्रिझममध्ये जातो आणि तुम्ही खरे दृश्य पाहता. फोकस मोजणारा भाग मात्र आरशाच्या खाली, सेन्सरपासून वेगळा बसवलेला असतो. या दोघांच्या जुळणीत केसभर फरक पडला तर एफ १.८ वर डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही तक्रार उद्भवत नाही. आरशाची जागा वाचल्यामुळे लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ते कडे, सेन्सरच्या जवळ येतो: निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते अंतर ४६.५ मिमी होते, झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. मिररलेस बॉडी पातळ होते ती याच कारणाने.

घाटमाथा

माझे मत स्पष्टपणे छोट्या मिररलेसच्या बाजूने आहे, कारण मी फुल फ्रेम घेऊन तीन वर्षे डोंगर चढलो आणि शेवटी तो विकला. आकडेच मांडतो. डी-७५० बॅटरीसह ८४० ग्रॅम आणि त्यावर २४-१२० एफ ४ ही लेन्स ७१० ग्रॅम, असे मिळून १५५० ग्रॅम होतात. झेड-५० बॅटरीसह ४५० ग्रॅम आणि १६-५० किट लेन्स १३५ ग्रॅम, असे मिळून ५८५ ग्रॅम. फरक ९६५ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाण्याचा. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला एक लिटर पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाताना दोन्ही हात कातळावर लागतात. गळ्यातला जड कॅमेरा प्रत्येक टप्प्यावर खडकावर आपटायचा म्हणून मी तो सॅकमध्ये, सर्वांत खाली, कपड्यांत गुंडाळून ठेवला. कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा खाली ढग होते, पाठीमागून ऊन होते आणि समोर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, उमटले होते. मी सॅक उघडून कपडे बाहेर काढेपर्यंत ते विरले. आता छोटा कॅमेरा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेला असतो आणि एका हाताने निघतो.

अंतरपाट

घाटमाथा, तुमच्या अनुभवाचा आदर राखून सांगतो की पेटाराताईंना गड चढायचा नाही. त्यांना देवळाच्या सभामंडपात रात्री अकरापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत एका जागी बसायचे आहे. तिथे एक लिटर पाण्याचा फरक फारसा लागत नाही, बॅटरीचा फार लागतो. डी-७५० ची बॅटरी प्रमाणित चाचणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये १२३० फोटो देते. छोटे मिररलेस साधारण तीनशे ते चारशेच्या घरात असतात, कारण त्यांचा पडदा किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत जळत असतो. तुम्ही फोटो न काढता नुसते पाहत बसलात तरी बॅटरी उतरते.

मी लग्नाचे फोटो काढतो आणि चार वर्षांपूर्वी डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळलो, तेव्हा दोन्ही बाजू माझ्या हाताखालून गेल्या आहेत. मिररलेसचा सर्वांत मोठा गुण म्हणजे डोळा ओळखून धरणारा फोकस. नवरी मान वळवते, हार मध्ये येतो, तरी चौकट डोळ्यावरून हलत नाही. दुसरा गुण आवाज नसण्याचा. मात्र इथे एक धोका आहे आणि तो मांडवात हमखास भेटतो. अनेक दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकेक करून वाचतो, त्यामुळे फोटोवर आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. एका मुंजीचे जवळजवळ चाळीस फोटो मी असे गमावले आणि यजमानांना ते कसे सांगावे हे मला सुचेना. तेव्हापासून अशा दिव्यांखाली मी यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० सेकंद एवढेच वापरतो.

डी-७५० मध्ये दोन कार्डे बसतात, झेड-५० मध्ये एकच. जो प्रयोग पुन्हा होणार नाही, त्याच्यासाठी मी हा मुद्दा वर ठेवीन.

पाणथळ

भिगवणला होडीतून पक्षी टिपणाऱ्याचा एक मुद्दा सांगतो. छोटा सेन्सर चित्राचा मधला भागच घेतो, म्हणून तुमची ७०-३०० सध्याच्या सेन्सरवर दीडपट, म्हणजे ४५० एमएमइतकी पोहोच देते. डी-७५० वर ती ३०० च राहील. शिवाय १८-१०५ ही लेन्स छोट्या सेन्सरसाठी बनवलेली आहे. ती डी-७५० वर बसते, पण कॅमेरा मधला भाग तेवढा वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० होतात. म्हणजे फुल फ्रेम घेतला की तुमच्या हाती रुंद लेन्स उरत नाही. ५२ हजारांच्या पुढचा हिशोब आताच मांडा.

काळोखी खोली

माझे वय एकाहत्तर आहे आणि मी चाळीस वर्षे फिल्मवर काम केले. आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो ते ३६ बाय २४ मिमीचे माप मुळात छोट्या कॅमेऱ्याचे माप होते. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका मांडला गेला तेव्हा मोठ्या काचेच्या प्लेटा वापरणाऱ्यांना तो खिशातला कॅमेरा वाटला होता. माझा निकॉन एफएम-२ नुसत्या बॉडीचा ५४० ग्रॅम भरतो. त्यावर ५० एमएम लेन्स लावून मी जेजुरी, पंढरपूर, तुळजापूर फिरलो आणि मला कधी वजनाची तक्रार करावी लागली नाही. वजन वाढले ते मोटार, पडदा, मोठी बॅटरी आणि विशेषतः झूम लेन्स यांच्यामुळे. तेव्हा ताईंनी एकच ५० एमएम लावून काम करायचे ठरवले तर डी-७५० सुद्धा एक किलोच्या आसपासच राहतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताना डोळ्याला अंधार हा अंधारासारखाच दिसतो आणि माणूस रंगमंचाशी जोडलेला राहतो. पडद्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार उजळून दाखवला जातो, त्यात दाणे थरथरतात, आणि तासाभराने बाहेर पाहिले की त्या डोळ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. हा माझ्या डोळ्यांचा अनुभव आहे.

घाटमाथा

काका, काचेचा व्ह्यूफाइंडर दृश्य दाखवतो, फोटो दाखवत नाही. पडद्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रकाशाचे प्रमाण चुकले असेल तर ते शटर दाबण्यापूर्वी दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर रंगवलेला चेहरा असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हटकून फसतो आणि चेहरा पांढरा फटक येतो. तिथे नवशिक्याला मिररलेसच हात देतो.

काळोखी खोली

मान्य आहे. मात्र ताई नऊ वर्षे हेच टिपत आहेत. चेहऱ्यावर किती प्रकाश कमी करायचा हे आता त्यांच्या बोटांना ठाऊक असणार.

तिपाई

वजनाच्या तुलनेत एक गोष्ट राहून गेली. घाटमाथा यांनी जी १६-५० किट लेन्स ५८५ ग्रॅममध्ये धरली आहे, ती ५० एमएमवर एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. सेन्सरचा फरक धरला तर दृश्याचा कोन आणि एकूण जमा होणारा प्रकाश या दोन्ही दृष्टींनी ती फुल फ्रेमवरच्या ७५ एमएम एफ ९.५ सारखी आहे. तिच्यापुढे २४-१२० ची एफ ४ ठेवली तर फरक एका स्टॉपचा न राहता अडीच स्टॉपचा होतो. त्यामुळे वजन वाचले ते आरसा काढल्याने थोडे आणि काच कमी केल्याने पुष्कळ. दिवसा गडावर याने काही बिघडत नाही, रात्री मांडवात मात्र सगळे त्यावरच अवलंबून आहे.

म्हणून दशावतारासाठी छोटा मिररलेस घ्यायचाच असेल तर किट लेन्सवर थांबू नका. निकॉनची २४ एमएम एफ १.७ ही छोटी लेन्स साधारण १३५ ग्रॅमची आहे आणि ४० एमएम एफ २ ही १७० ग्रॅमची. यांपैकी एक घेतली तर छोट्या कॅमेऱ्याचा छोटेपणाही राहतो आणि प्रकाशही मिळतो.

तुमची ५० एमएम डी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. तिच्यात फोकसची मोटर नाही. डी-७००० आणि डी-७५० या दोन्हींच्या बॉडीत ती मोटर आहे. जुन्या एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये ती नाही, त्यामुळे झेड-५० वर ही लेन्स हाताने फोकस करावी लागेल. १८-१०५ आणि ७०-३०० त्या ॲडॉप्टरवर नीट चालतील.

पेटारा

सर्वांचे मनापासून आभार. पाणथळ आणि तिपाई यांनी लेन्सचा जो हिशोब मांडला तो मी केलाच नव्हता.

दोन गोष्टी स्पष्ट करते. माझे सर्वांत आवडते फोटो प्रयोगाचे नाहीत, त्याआधीचे आहेत. देवळाच्या मागच्या खोलीत कलाकार जमिनीवर बसून स्वतःची रंगभूषा स्वतः करतात. डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हातात काडी, समोर उघडा पेटारा आणि वर एकच दिवा. स्त्रीपार्टी कलाकार भुवई काढत असतो तेव्हा त्याचा श्वाससुद्धा थांबलेला असतो. मी त्याच्यापासून दीड हातावर बसलेली असते आणि माझ्या ५० एमएमला फक्त चेहरा मावतो, हातातला आरसा कापला जातो. मागे सरकावे तर पाठीला भिंत आहे. १८-१०५ लावली तर आरसा मावतो, पण प्रकाश पुरत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. डी-७००० चा खटका त्या खोलीत फार मोठा वाटतो. एकदा ऐन भुवईच्या वेळी तो वाजला आणि रेष हलली. कलाकार वयाने मोठे आहेत, ते काही बोलले नाहीत, पुसून पुन्हा काढली. त्या दिवसापासून भुवई पूर्ण होईपर्यंत मी शटर दाबत नाही. आवाज नसलेला कॅमेरा मला यासाठी हवा आहे.

अंतरपाट

हे वाचून माझा सल्ला अधिक नेमका करतो. डी-७५० मध्ये हळू आवाजाचा क्यू पर्याय आहे. तो निःशब्द नाही, खटक्याचे दोन भाग मंद होतात एवढेच. झेड-५० चा इलेक्ट्रॉनिक शटर खरोखर निःशब्द आहे, पण तो एकच दिवा लुकलुकणारा असेल तर पट्टे येतील. जुन्या पिवळ्या बल्बखाली येणार नाहीत, कारण त्याची तार तापलेली राहते आणि प्रकाश फारसा तुटत नाही. खोलीत कोणता दिवा आहे ते पाहा. फोनचा कॅमेरा दिव्यासमोर धरून शटर वेगवान केला तरी पट्टे दिसतात.

कवडसा

वापरलेला डीएसएलआर घेण्याला माझा विरोध आहे. सोनीने २०२१ मध्ये आरसेवाले कॅमेरे विकणे थांबवले, आणि निकॉन व कॅनन यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. नव्या लेन्स सगळ्या मिररलेससाठीच येत आहेत. थांबलेल्या गाडीत पैसे का घालावेत?

काळोखी खोली

कवडसा, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आहे. त्या माउंटच्या इतक्या लेन्स लोकांच्या कपाटांत आहेत की पुढची पंधरा वर्षे तरी वापरलेल्या बाजारात त्यांची वाण पडणार नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एक फेरी मारली तरी कल्पना येईल. ज्याला दर दोन वर्षांनी नवी लेन्स घ्यायची आहे त्याने मिररलेस घ्यावा. ज्याला तीन लेन्सवर आयुष्य काढायचे आहे त्याला नवी लेन्स येते की नाही याने काय फरक पडतो?

कवडसा

दुरुस्तीच्या सुट्या भागांचे काय?

काळोखी खोली

ती शंका रास्त आहे. शटरचे आयुष्य आधी पाहावे. डी-७५० चा शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेला आहे, म्हणजे ६१ हजारांवर अर्ध्याहून अधिक आयुष्य शिल्लक आहे. ताई वर्षाला चार-पाच हजार फोटो काढत असतील तर चिंता नाही.

आगाशी

मी वेंगुर्ल्याची. कोकणात कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू बुरशी आहे आणि तिच्याविषयी इथे अजून कोणी बोललेले नाही. माझी एक लेन्स जून ते सप्टेंबर चामड्याच्या पिशवीत राहिली. गणपतीत बाहेर काढून टॉर्चचा उजेड तिरका टाकला तर आतल्या काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले होते. साफ करून आणली, पण काचेवरच्या लेपावर खुणा राहिल्या आणि दिव्यासमोर धरले की फोटोवर धुके येते.

वापरलेला कॅमेरा घेताना प्रत्येक लेन्समधून असा टॉर्च टाकून पाहाच, आणि व्ह्यूफाइंडरमधूनही पाहा, कारण प्रिझमलासुद्धा बुरशी लागते. घरी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे विजेचे छोटे कपाट घ्या. तेवढे शक्य नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. पेटाराताई, तुमच्या नव्वद हजारांत हा खर्च धरा. आंबोलीहून ओली होऊन आलेली बॅग तशीच बंद ठेवू नका.

पाणथळ

आगाशी यांच्या मुद्द्याला जोडून: मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा असतो. डीएसएलआरमध्ये आरसा आणि बंद शटर मध्ये असतात. काही मिररलेस बॉडी बंद केल्यावर शटर मिटतात, सगळ्या नाहीत. आंबोलीच्या धुक्यात किंवा मांडवातल्या धुळीत लेन्स बदलायची वेळ आणू नका.

बेडकांसाठी मात्र छोटा सेन्सर सोयीचा आहे. तितकीच चौकट आणि तेवढेच एफ मान ठेवले तर छोट्या सेन्सरवर जास्त भाग स्पष्ट येतो. डोळा आणि पायाची बोटे दोन्ही हवी असतील तर हा लाभ मोठा आहे, आणि तिथे तुम्ही फ्लॅश वापरत असाल तर आयएसओचा प्रश्न उरत नाही.

घाटमाथा

तिसरा पर्यायही पाहावा. निकॉन झेड-५ हा फुल फ्रेम मिररलेस आहे, बॅटरीसह ६७५ ग्रॅमचा, दोन कार्डांचा, आणि बॉडीतच हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असलेला. वापरलेला मिळाला तर तुमच्या मर्यादेत बसू शकेल.

तिपाई

चांगला पर्याय आहे, फक्त दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ५० एमएम डी त्यावरही हातानेच फोकस होईल, म्हणजे नवी लेन्स घ्यावीच लागेल. आणि स्थिरीकरण हाताची थरथर थांबवते, नाचणाऱ्या संकासुराची नाही. त्याच्यासाठी शटरचाच वेग हवा.

कंदील

१२ बाय १८ च्या छपाईला किती मेगापिक्सेल पुरतात?

तिपाई

इंचाला ३०० ठिपके धरले तर डी-७००० चा फोटो साधारण १६.४ बाय १०.९ इंच छापता येतो, झेड-५० चा १८.६ बाय १२.४ आणि डी-७५० चा २० बाय १३.४. हातभर अंतरावरून पाहायच्या फोटोला २५० ठिपकेही उत्तम दिसतात, त्यामुळे यातला कोणताही कॅमेरा मेगापिक्सेलमुळे मागे पडत नाही.

पेटारा

जवळजवळ तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण दोन्ही कॅमेरे एकाच रात्री वापरल्याशिवाय ठरवायचे नाही असे मी मनाशी धरले होते. सावंतवाडीच्या छायाचित्रकारांनी विश्वासाने डी-७५० एका रात्रीसाठी दिला. पणजीला माझा मामेभाऊ आहे, त्याने त्याचा झेड-५० आणि ४० एमएम एफ २ लेन्स आणून दिली आणि तो स्वतःही जत्रेला थांबला.

आधी मागची खोली. दिवा एलईडी निघाला. अंतरपाट यांनी सांगितल्याप्रमाणे झेड-५० चा निःशब्द शटर १/२०० वर लावला तर चेहऱ्यावर चार आडवे पट्टे आले. १/१०० वर ते जवळजवळ गेले आणि त्या खोलीत १/१०० मला पुरतो, कारण तिथे कोणी नाचत नाही. कलाकार भुवई काढत असताना मी पहिल्यांदा शटर दाबले. त्यांना कळलेसुद्धा नाही. डोळ्याची चौकट रंगाच्या थराखालीही डोळ्यावर टिकून राहिली. मात्र ४० एमएम तिथे ६० सारखी झाली आणि आरसा पुन्हा अर्धा कापला गेला.

मग त्याच जागी डी-७५० वर माझी ५० एमएम लावली. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि चेहरा, काडी, आरसा, आरशातला दुसरा डोळा आणि पेटाऱ्याची कड हे सगळे एका चौकटीत होते. नऊ वर्षे मी त्याच भिंतीला टेकून बसते आहे आणि ही चौकट मला प्रथमच मिळाली. क्यू पर्यायाचा आवाज झाला, पण तो खोलीतल्या बोलण्याच्या आवाजाखाली बुडाला. भुवईच्या क्षणी मात्र मी हात आवरला.

प्रयोगात फरक आणखी स्पष्ट झाला. गणपतीच्या मुखवट्यावर झेड-५० चा डोळा धरणारा फोकस गोंधळला, मग मी एक बिंदू निवडून काम केले. संकासुर आला तेव्हा दोन्ही कॅमेरे एफ २ आणि १/२०० वर ठेवले. डी-७५० वर आयएसओ ६४०० असूनही काळ्या कापडाच्या चुण्या वेगळ्या दिसतात. झेड-५० वर त्या दिसतात, पण दाणे अधिक आहेत. १२ बाय १८ छापून शेजारी ठेवल्यावर फरक माझ्या लक्षात आला, माझ्या आईला सांगितल्यावर दिसला. पहाटे दहीकाल्याला झेड-५० ची तिसरी बॅटरी लागलेली होती. डी-७५० ची पहिलीच अर्ध्यावर होती.

मी डी-७५० घेतला. घाटमाथा, तुमचे म्हणणे मला पटले आहे, आणि दर आठवड्याला डोंगरात जात असते तर मी झेड-५० आणि २४ एमएम एफ १.७ घेतली असती. डी-७५० वर भुवईचा फोटो मला यापुढे मिळणार नाही हेही मी जाणून आहे आणि ते मला लागते. पण ती खोली आणि ते अंतर माझ्या हातात नाही, आणि तिथे ५० एमएम खरी ५० एमएम असणे मला सर्वांत मोलाचे वाटले. डी-७००० विकलेला नाही. ७०-३०० त्यावर कायमची राहील, आणि आंबोलीच्या बेडकांसाठी पाणथळ यांनी सांगितलेला छोट्या सेन्सरचा लाभही तिथेच मिळेल. उरलेल्या पैशांतून आर्द्रतेचे छोटे कपाट आले आहे.

आगाशी

फार आनंद झाला. टॉर्च टाकून पाहिला ना?

पेटारा

पाहिला. डी-७५० स्वच्छ आहे. माझ्याच १८-१०५ मध्ये मागच्या काचेच्या कडेला एक केसाएवढा तंतू सापडला. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवली आहे आणि सोमवारी साफ करायला पाठवते.

काळोखी खोली

ताई, तो आरशातल्या डोळ्याचा फोटो कलाकाराला दिला का?

पेटारा

काका, येत्या शनिवारी झारापला त्यांचा प्रयोग आहे, तेव्हा देणार आहे. भुवईचा फोटो झेड-५० वरचा आहे, आरशाचा डी-७५० वरचा. दोन्ही एकाच मापात छापले आहेत.